घरात पाऊल टाकताक्षणी चिडचिड होते. शांत राहण्यासाठी रोजच्या साध्या सवयी सुचवाल का?

नमस्कार मंडळी,

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. गेल्या गुरुवारी जे झालं त्यानंतर वाटलं, विचारूनच टाकावं.

मी ४३ वर्षांची. राहते बदलापूरला, नोकरी फोर्टात. पहाटे पावणेपाचला उठते, तीन डबे करते, सासूबाईंचं औषधपाणी बघते (गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, अजून काठी लागते) आणि गाडी पकडते. जाऊन-येऊन साडेतीन तास प्रवासात जातात. मुलगा दहावीला आहे. नवरा शिफ्टमध्ये काम करतो.

ऑफिसात मी कुणावर आवाज चढवत नाही. गाडीत धक्काबुक्की झाली तरी गप्प राहते. पण घराचं दार उघडलं की काय होतं कळत नाही. त्या गुरुवारी सव्वाआठला घरी आले तर दूध उतू जाऊन ओट्यावर पसरलेलं. मी चप्पल काढायच्या आधीच मुलाला वाट्टेल ते बोलले. तो काही बोलला नाही, फडकं घेऊन ओटा पुसत राहिला. नंतर सासूबाईंनी सांगितलं की तो माझ्यासाठी चहा ठेवत होता. दुसऱ्या दिवशी मी बेल वाजवली तर दार उघडायच्या आधी आतूनच विचारतो, "आई, आज दमलीयस का?" ते ऐकून मी जिन्यातच रडले.

आधी काय काय केलं तेही सांगते. मोबाईलवरचं वीस मिनिटांचं ध्यान नऊ दिवस केलं, त्यासाठी साडेचारला उठायचे आणि बसल्याबसल्या झोप लागायची. रात्री वही लिहून पाहिली, पण दोन ओळींतच डोळे मिटतात. शनिवारचा प्राणायामाचा वर्ग चांगला होता, पण ती शांतता सोमवारपर्यंत टिकत नाही.

मला पाच मिनिटांच्या आत बसणारं, यापेक्षा लवकर न उठता करता येईल असं काही हवं आहे. तुम्ही स्वतः निदान दोन-तीन महिने केलेलं असेल तर फार बरं. 'सकारात्मक विचार करा' हे कृपया नको, ते मी स्वतःला रोज सांगतेच.

प्रतिसाद १

ताई, मी कर्जतहून सहा वर्षं ये-जा केली, त्यामुळे तुमची संध्याकाळ डोळ्यांसमोर आली. मला एकाच गोष्टीचा उपयोग झाला: श्वास सोडायला जास्त वेळ देणं. नाकाने चार आकडे श्वास आत, सहा ते आठ आकडे बाहेर. मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून जोर सोडण्यावर. योगाच्या परिणामांचं प्रयोगशाळेत मोजमाप करायला लोणावळ्याच्या कैवल्यधामने १९२४ सालीच सुरुवात केली होती, हे वाचल्यावर माझा या साध्या गोष्टीवर विश्वास बसला.

मात्र 'आठवेल तेव्हा करू' म्हणाल तर आठवणार नाही. ती एखाद्या ठरलेल्या जागेला बांधा. माझी खूण होती नेरळ सुटलं की फोन पिशवीत आणि दहा श्वास. उभं राहूनही होतं. चक्कर आली तर आकडे कमी करा.

प्रतिसाद २

दुपारी डबा किती वाजता खाता? एक वाजता खाऊन थेट रात्री नऊला जेवत असाल तर त्या चिडचिडीत निम्मी भूक आहे. माझं तसंच होतं. पर्समध्ये चणे-गूळ किंवा राजगिऱ्याची वडी ठेवा आणि गाडीत बसायला मिळो न मिळो, कल्याणच्या आत खा.

दुसरं म्हणजे आमच्या आजीचा नियम. बाहेरून आलेल्या माणसाला हातपाय धुवून पाणी पिईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही, आणि त्यानेही घरात काय पडलंय ते बघायचं नाही. आम्ही नाशिकला आमच्या घरी हा नियम परत सुरू केला. दहा मिनिटं, दोन्ही बाजूंनी. मुलांना सांगितलं की ती पाळतात, हा माझा अनुभव.

प्रतिसाद ३

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. पावणेपाचला उठता, मग झोपता किती वाजता? साडेअकरा होत असतील तर ही सव्वापाच तासांची झोप आहे. मोठ्या माणसाला सात तास तरी हवेत. ती तूट कुठल्याही श्वासाने भरून निघत नाही.

आणि तीन डबे तुम्हीच का? दहावीच्या मुलाला रात्री भाजी चिरून ठेवता येते. शिफ्ट नसेल त्या दिवशी यजमान पोळ्या करू शकतात, नाहीतर पोळ्या बाहेरून घ्या. शांत राहण्याची सगळी जबाबदारी घरातल्या एकाच माणसाने उचलायची, हे मला पटत नाही.

प्रतिसाद ४

वरच्या तिन्ही प्रतिसादांना दुजोरा. मी दवाखान्यात काम करते म्हणून एवढं सुचवते: चाळिशीनंतर अशी चिडचिड नव्याने सुरू झाली असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. कॅफिन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात.

रडू वारंवार येत असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ वर फोन करा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

धागाकर्तीचा प्रतिसाद (बारा दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद तीन वाचून आधी राग आला, मग रात्री नवऱ्याला वाचून दाखवला. सध्या बुधवार आणि शनिवारच्या पोळ्या कोपऱ्यावरच्या काकूंकडून येतात आणि त्या दोन दिवशी मी साडेपाचला उठते. भाजी चिरायचं काम मुलाने घेतलंय. जाड चिरतो, पण चिरतो.

श्वासाची खूण मी उल्हासनगरची धरली, कारण तिथे जरा हलायला जागा होते. बारांपैकी आठ दिवस जमलं. ज्या चार दिवशी विसरले त्यातल्या दोन दिवशी घरी आवाज चढला. चण्यांचा फरक मात्र पहिल्याच दिवशी जाणवला, इतका की आधी कुणी का सांगितलं नाही असं वाटलं.

हातपाय धुण्याचा नियम सासूबाईंना सगळ्यात आवडला. त्या स्वतः मुलाला आठवण करतात. आणि मी त्याच्याशी त्या दुधाबद्दल बोलले. माफी मागितली. तो म्हणाला, "मला चहाचा अंदाज नाही गं अजून." काल त्याने पुन्हा केला, मी समोर उभी राहून दाखवलं.

रक्ताचा रिपोर्ट शनिवारी येईल. आता एक अडचण उरली आहे, ती म्हणजे रविवार. गाडी नाही, उल्हासनगर नाही, त्यामुळे श्वासाला खूणच नाही आणि दुपारी बारापर्यंत माझा पारा चढलेला असतो. सुट्टीच्या दिवशी तुम्ही कशाला बांधता?