आरपीएन कमी म्हणजे धोका कमी, असं नाही

पीएफएमईए म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर काय चुकू शकतं याचा तक्ता. त्यात प्रत्येक दोषाच्या ओळीला तीव्रता, वारंवारिता आणि शोध (दोष सापडणं किती अवघड) यांचे १ ते १० गुण देतात; त्यांचा गुणाकार म्हणजे आरपीएन. तो १०० च्या खाली असेल तर त्या ओळीवर काम नको, असं काही जण म्हणतात; ते पटत नाही. ओल्या लॅडलमध्ये (वितळलेला धातू नेण्याच्या भांड्यात) धातूचा रस ओतला तर स्फोट होतो. तीव्रता १०, वारंवारिता २, शोध २ धरा, गुणाकार फक्त ४०. तिन्ही ४ असलेला किरकोळ दोष मात्र ६४! म्हणूनच २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटना) हँडबुकने आरपीएन काढून ॲक्शन प्रायॉरिटी (कृतीचा अग्रक्रम) आणली. त्यात तीव्रतेला पहिला मान.

आणि पीएफएमईए ज्यावरून बनतो तो प्रक्रियेचा फ्लो चार्ट ऑफिसात बसून काढू नका हो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) आम्ही फेटलिंगवाल्यांना (कास्टिंग घासून साफ करणाऱ्यांना) सोबत घेऊन शॉपमध्ये फिरलो, तेव्हा कळलं की वेल्डिंगने भोक बुजवलेलं कास्टिंग तपासणी न होताच थेट डिस्पॅचला जातं. चार्टवर रिवर्कची (दुरुस्तीची) वाटच नव्हती, मग पीएफएमईएत तिचा धोका येणार कुठून?