ब्रिटिश चीज: स्टिल्टन, चेडर वगैरे नावांचे नियम, खरेदी आणि साठवण (ठाणे-नवी मुंबई)

नेरूळची_मृ
दिवाळीनंतर घरी आठ जणांसाठी ब्रिटिश चीजचं ताट लावायचं आहे. त्यातले चौघे पक्के शाकाहारी. वाशीत आणि ठाण्यात इंपोर्टेड मालाच्या दुकानांत चेडर, रेड लेस्टर, वेन्सलीडेल आणि ब्लू स्टिल्टन दिसलं. चेडर हे नाव तर पाच देशांच्या पाकिटांवर आहे. ब्रिटनमध्ये या नावांना कायदा आहे म्हणतात, मग हे कसं चालतं? स्टिल्टन कुठेही बनवता येत नाही, हे खरं का? शाकाहारी कसं ओळखायचं? आणि माणशी किती घ्यायचं, किती दिवस आधी आणून ठेवायचं, फ्रिजबाहेर किती वेळ काढायचं, तेही सांगा. आमच्याकडे एसी फक्त बेडरूममध्ये आहे.

घोडबंदर_डेअरी
आधी नावांचं बघू, कारण दुकानातला निम्मा गोंधळ तिथलाच आहे.

नुसतं 'चेडर' हे नाव कोणाच्याही मालकीचं नाही. सॉमरसेटमधल्या चेडर गावावरून ते आलं, पण पद्धत जगभर पसरली आणि नाव प्रकाराचं झालं. न्यूझीलंड, आयर्लंड, आपल्याकडचे कारखाने, सगळे ते लिहितात आणि त्यात बेकायदा काही नाही. संरक्षण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' या पूर्ण नावाला. ते सॉमरसेट, डेव्हन, डॉर्सेट आणि कॉर्नवॉल या चार काउंट्यांतच, तिथल्याच दुधापासून बनलं पाहिजे, किमान नऊ महिने मुरलं पाहिजे, आणि त्यात रंग, स्वाद किंवा प्रिझर्व्हेटिव्ह घालता येत नाही. केशरी रंगाचं चेडर दिसलं तर ते हे नव्हे, एवढं तिथेच कळतं.

शिवाय चेडरिंग हाताने करावं लागतं. दूध रेनेटने घट्ट झालं की ते कापतात, हलवत हलवत ४० अंशांच्या आसपास तापवतात आणि निवळी काढून टाकतात. खाली उरलेल्या थराच्या जाड लाद्या कापून एकावर एक रचतात आणि ठरावीक वेळाने उलटतात. वजनाने उरलेली निवळी निघते, आंबटपणा वाढत जातो आणि लादी शिजवलेल्या चिकनच्या छातीसारखी तंतुमय होते. मग ती दळून, मीठ लावून, साच्यात दाबतात. उलटापालट घाईत उरकली तर निवळी आत राहते आणि चीज मुरताना कडवट होतं.

स्टिल्टनचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. १९९६ पासून त्याला पीडीओ (नाव मूळ प्रदेशाशी बांधणारं कायदेशीर संरक्षण) आहे आणि ते डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच काउंट्यांत बनतं. दूध पाश्चराइज केलेलं लागतं. आकार उभ्या नळकांड्यासारखा असावा, दाबायचं अजिबात नाही आणि साल आपोआप धरली पाहिजे. निळ्या शिरा मध्यापासून बाहेर पसरतात, कारण काही आठवड्यांनी गोळ्याला स्टीलच्या सुयांनी भोकं पाडतात. त्यांतून हवा आत गेल्याशिवाय शिरांतली निळी बुरशी वाढत नाही. साधारण आठ किलोच्या एका गोळ्याला सत्तरहून जास्त लिटर दूध लागतं.

गंमत म्हणजे ज्या स्टिल्टन गावावरून नाव पडलं, ते केंब्रिजशरमध्ये आहे, म्हणून त्या गावात स्टिल्टन बनवता येत नाही. अठराव्या शतकात लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या घोडागाड्या तिथे थांबत आणि तिथल्या खाणावळीत हे चीज विकलं जाई, त्यावरून ते नाव. 'स्टिचेल्टन' नावाचं चीजही दिसेल. नॉटिंगहॅमशरमध्येच बनतं, घडणही तीच, पण दूध कच्चं वापरतात. एवढ्याच कारणाने त्याला स्टिल्टन म्हणता येत नाही.

पीडीओ म्हणजे दुधापासून मुरवण्यापर्यंत सगळं त्याच भागात. पीजीआय थोडं सैल आहे, उत्पादनाचा किमान एक टप्पा त्या भागात झाला की पुरतं. ही पद्धत १९९२ च्या युरोपीय कायद्यातून आली आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनची स्वतंत्र योजना डेफ्रा या तिथल्या पर्यावरण-अन्न खात्याकडे आहे.

आपल्याकडे हापूसचं तेच आहे. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी वाशीच्या बाजारात पेटी घेताना उगम विचारावाच लागतो. चीजलाही तोच प्रश्न विचारा.

कोपरीकर
वरच्यात भर. 'यॉर्कशर वेन्सलीडेल'ला २०१३ पासून पीजीआय आहे, नुसतं 'वेन्सलीडेल' कुठेही बनू शकतं. तुम्ही पाहिलेल्यात यॉर्कशर हा शब्द आहे का, तेवढं बघा. रेड लेस्टरच्या नावाला असं संरक्षण नाही. त्याचा रंग शेंदरीच्या बियांपासून निघणाऱ्या अनाटोचा, चवीत त्याचा फारसा वाटा नाही.

सगळ्यात कडक नियम मला सिंगल ग्लॉस्टरचा वाटतो. ज्या शेतावर ते बनतं, तिथे ग्लॉस्टर जातीच्या गाई असायलाच हव्यात. ही जात जवळजवळ संपत आली होती, म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो. डबल ग्लॉस्टरला मात्र असं काही बंधन नाही. टेकडीवरून चीजचा गोळा सोडून त्यामागे धावतात ना, तो याच डबल ग्लॉस्टरचा.

खारघर_स्वयंपाकघर
शाकाहारीबद्दल. दूध घट्ट करणारं रेनेट वासराच्या पोटातलं असू शकतं, नाहीतर सूक्ष्मजीवांपासून केलेलं. नावावरून हे कळत नाही. स्टिल्टनच्या नियमात वासराच्याच रेनेटची सक्ती नाही, त्यामुळे एका डेअरीचं चालेल आणि दुसरीचं नाही. (इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोला वासराचं रेनेट सक्तीचं आहे, त्यामुळे ते शाकाहाऱ्यांना कधीच चालत नाही.) ब्रिटिश पाकिटावर 'शाकाहाऱ्यांसाठी योग्य' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते, शिवाय आयातदाराच्या लेबलवरचा हिरवा ठिपका बघा. मांसाहारी पदार्थावर आता तपकिरी त्रिकोण असतो.

एक जागा बहुतेक जण विसरतात. कापडात बांधलेलं पारंपरिक चेडर घेतलं तर त्यावरचं मलमलचं कापड बऱ्याचदा डुकराच्या चरबीने चिकटवलेलं असतं. आतलं रेनेट शाकाहारी असलं तरी साल तशी नसते. काही ठिकाणी लोणी वापरतात. तुमच्या ताटासाठी सरळ कापड नसलेलं, व्हॅक्यूम पॅकमधलं घ्या, वाद नको.

दुकानात मोठा गोळा कापून क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळतात आणि वर दुकानाचं स्टिकर लावतात. त्यावर नुसतं 'ब्लू चीज' किंवा 'चेडर' असतं. मूळ वेष्टन दाखवायला सांगा. त्यावर पूर्ण नाव, डेअरी, मुदत, आयातदाराचं नाव आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक दिसला पाहिजे. कापलेल्या तुकड्याच्या कडा गडद आणि अर्धपारदर्शक झाल्या असतील तर तो बरेच दिवस पडून आहे, घेऊ नका. स्टिल्टनचा गाभा सायीच्या रंगाचा हवा. सालीलगत तपकिरी झाक चालते, मध्यभागी नाही.

भाव कमी होतील म्हणून थांबू नका. २०२५ च्या भारत-ब्रिटन व्यापार करारात दुग्धजन्य पदार्थांना आपण सवलत दिलेली नाही.

घोडबंदर_डेअरी
आता प्रमाण. जेवणाआधी असेल तर माणशी ८० ग्रॅम पुरे. आठ जणांना वेन्सलीडेल १५०, रेड लेस्टर १५०, चेडर २०० आणि स्टिल्टन १५० ग्रॅम. खायचा क्रमही हाच ठेवा. स्टिल्टन आधी खाल्लं तर वेन्सलीडेल पिठूळ लागतं.

दोन-तीन दिवस आधी आणा. क्लिंग फिल्म लगेच काढा, कारण तिच्या आत घाम धरतो, वरचा थर बुळबुळीत होतो आणि प्लास्टिकचा वास लागतो. प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात, तळाशी घडी केलेला पेपर नॅपकिन, आणि डबा भाजीच्या खणात. स्टिल्टनला फॉइल आणि वेगळा डबा. त्याची बुरशी शेजारच्या चेडरवर सहज उतरते. पावसाळ्यात कागद ओलसर होतो, तेव्हा तीन-चार दिवसांनी बदला.

फ्रिजबाहेर काढण्याचा वेळ इंग्लंडमध्ये एक-दोन तास सांगतात, तो आपल्याकडे चालणार नाही. नोव्हेंबरात विनाएसी खोलीत ३० मिनिटं बास. मे महिन्यात १५. त्याहून जास्त ठेवलंत तर चेडरवर तेलाचे थेंब दिसतात. ते पुसून परत फ्रिजमध्ये टाकलं की तुकडा कोरडा आणि रवाळ होतो, म्हणून लागेल तेवढंच बाहेर काढा.

कापताना स्टिल्टनच्या तुकड्याचं टोक कापून घेऊ नका. सालीपासून टोकापर्यंत लांब पाती कापा, म्हणजे प्रत्येकाला गाभाही मिळतो आणि सालीजवळची उग्र चवही. चमच्याने मधून कोरण्याची जुनी पद्धत सोडा, उरलेलं सुकतं.

कोपरीकर
सोबत काय? स्टिल्टनला अक्रोड, पेर किंवा पुरंदरचं अंजीर. वेन्सलीडेलला फ्रूट केक, यॉर्कशरमध्ये तसंच खातात. चेडरबरोबर ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि सफरचंद. बिस्किटं बिनमिठाची, नाचणीची चालतील. मसाला खाकरा नको, चीजची चवच कळत नाही.

नेरूळची_मृ
फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्या. चेडरवर पांढरे ठिपके दिसले तर फेकायचं का? आणि उरलेल्या चेडरचं काय करू?

खारघर_स्वयंपाकघर
ठिपके टणक आणि खडीसाखरेसारखे दाताखाली कुरकुरत असतील तर चांगलं लक्षण. आतले बहुधा टायरोसिन या अमिनो आम्लाचे, मुरलेल्या चीजमध्ये तयार होतात. वरचा पांढरा थर कॅल्शियम लॅक्टेटचा असतो, तोही निरुपद्रवी. मऊ, लोकरीसारखं काही असेल तर ती बुरशी. कडक चीज असल्यास त्याभोवतीचा अडीच सेंटीमीटर भाग कापून टाका, सुरी बुरशीला लागू देऊ नका. गुलाबी, चिकट किंवा अमोनियाचा झणझणीत वास असलेलं सरळ फेका.

उरलेल्याचं वेल्श रेअरबिट करा. २० ग्रॅम लोण्यात एक मोठा चमचा मैदा मंद आचेवर मिनिटभर परता, १०० मिली दूध थोडं थोडं घालत घोटा. एक चमचा मोहरीची पेस्ट आणि मिरपूड घाला. गॅस बंद करा आणि मगच २०० ग्रॅम किसलेलं चेडर तीन वेळा विभागून घाला. चालू गॅसवर घातलं तर प्रथिनं आकसतात, तेल वेगळं होतं आणि खाली रबरासारखा गोळा उरतो. मुरलेलं चेडर लवकर फाटतं, म्हणून मैदा वगळू नका. ब्रेड एका बाजूने आधी भाजून घ्या, न भाजलेल्या बाजूवर मिश्रण लावा आणि ओटीजीत फक्त वरच्या कॉइलवर तपकिरी ठिपके येईपर्यंत ठेवा. चार-पाच स्लाइस होतात. पाककृतींत वुस्टरशर सॉस सांगतात, पण त्यात अँकोव्ही मासे असतात. तुमच्या चौघांसाठी तो घालू नका.