उरलेल्या पुरणाला काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

गौरीजेवणाला यंदा आमच्याकडे 22 पानं होती. संध्याकाळी नणंद निघाली, सासूबाई तिला डबा भरून देत होत्या. तेवढ्यात नणंदेची मुलगी, वय 11, इंग्रजी शाळेतली, म्हणाली, "आजी, उष्टं जास्त दे ना, आम्ही उद्या पण खाऊ." सासूबाईंचा डाव पुरणातच थांबला. नणंद लालबुंद. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळेच सुटले.

पोरीची चूक नाही. तिच्या डोक्यात 'लेफ्टओव्हर' होतं आणि हाताशी आलेला मराठी शब्द तिने वापरला. रात्री भांडी आवरताना मी विचार करत बसले, की तिला बरोबर शब्द कुठला सांगायचा? उष्टं म्हणजे कुणाचं तरी तोंड लागलेलं, मूळ 'उच्छिष्ट'. खरकटं म्हणजे ताटाला, हाताला चिकटलेलं. शिळं म्हणावं तर पुरण त्याच दुपारचं. स्वच्छ, न उष्टावलेलं, आजचंच, पण जास्त झालेलं अन्न, याला एक नाम आहे का आपल्याकडे? 'उरलेलं' आहे, पण ते विशेषण, त्याला पुढे 'पुरण' जोडावं लागतं.

सोलापूरकर

आमच्याकडं 'उरलंसुरलं' म्हणतात, पण त्यात जरा हेटाळणी आहे. सणाच्या अन्नाला कुणी म्हणत नाही.

खरी मजा दुसऱ्या दिवशीच्या येळवणीच्या आमटीत. (पुण्याकडं हिलाच कटाची आमटी म्हणतात. येळणं म्हणजे शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीचं पाणी निथळून काढणं, ते पाणी म्हणजे येळवणी. सीमेपलीकडं कन्नडमध्ये 'कट्टिन सारू', म्हणजे तुमचा कट तिथंही आहेच.) या आमटीला दुसऱ्या दिवशी कुणी शिळी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ती 'मुरते'. भाजीवरून रात्र गेली की भाजी शिळी, आमटीवरून गेली की आमटी मुरली. रात्र तीच, चव सुधारली की शब्द बदलतो.

कढीचं नशीब मात्र खोटं. दुसऱ्यांदा उकळली की फुटते, पाणी एकीकडं चोथा एकीकडं. 'शिळ्या कढीला ऊत' कुठनं आलं ते त्या दिवशी पातेल्यात बघून कळतं.

व्युत्पत्तीवाला

'शिळा' बिचारा उगाच बदनाम आहे. मूळ 'शीतल', म्हणजे नुसतं गार झालेलं. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं रांधलेलं खातात आणि देवीला नैवेद्यही त्याचाच. देवीला चालतं तर आपण कोण नाक मुरडणारे?

उष्ट्याबद्दलही तेच. बाळाला पहिला घास भरवतो ते उष्टावण. शबरीची बोरं उष्टीच होती. दुसरीकडे 'उष्ट्या हाताने कावळा हाकणार नाही' असा कंजूषही याच शब्दावर उभा. तेव्हा मुलीला शब्द चुकला एवढंच सांगा, शब्द घाण आहे असं सांगू नका.

मडगावहून

कोंकणीत आम्ही सरळ 'काल्ची कडी' म्हणतो. कडी म्हणजे नारळाच्या वाटपाची हुमणासारखी, माशांची. सकाळी मातीच्या भांड्यात मंद आचेवर आटवायची, कडेला तेल दिसेपर्यंत. मग उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर किंवा पावाबरोबर. नावात चांगलं नाही, वाईट नाही, फक्त वार सांगितलाय. मला तर हेच सगळ्यात सभ्य वाटतं.

नागपूरची सून, डोंबिवलीत

तुमच्याकडे जास्त झालं म्हणून उरलं. माझ्याकडे बिघडलं म्हणून उरलं!

गौरीच्या फराळाला पहिल्यांदाच अनारसे घातले. खसखशीवर थापला, तुपात सोडला, जाळी पडायची वाट बघतेय तर हा कडेने सुटायला लागला. बघता बघता कढईभर पसरला. मोठ्या जाऊबाई मागून म्हणाल्या, "हसला गं हसला." मला वाटलं मलाच हसल्या. पोळी फुटते, पाक पुढे जातो, भात खाली लागतो, ही सगळी क्रियापदं माहीत होती. पण तुपात विरघळणारा पदार्थ 'हसतो', हे त्या दिवशी कळलं. उरलेल्या पिठात थोडी तांदळाची पिठी मळली, तेव्हा पुढचे 8 धड निघाले. हसलेल्यांचा चुरा झाऱ्याने उपसून दुधात घालून खाल्ला. त्या चुऱ्याला शब्द असला तर सांगा, नसला तरी चव होती.

सोलापूरकर

उरल्याला आपण नाव देत नाही, त्याचं जे होतं त्याला देतो. फोडणीची पोळी, कुस्करा, मलिदा, भाकरीचा काला. म्हणून नाम सापडत नसेल.

डोंबिवली पुन्हा

हे पटलं. एक उपप्रश्न. पंगतीत शेवटी 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात. तव्यापाशी 3 तास उभी राहून माझी बोटं भाजली, मी अन्नदाता की जो धान्य आणतो तो? आमच्याकडे सासरे हे मोठ्याने म्हणाले आणि सगळ्यांनी त्यांच्याकडेच बघितलं.

व्युत्पत्तीवाला

शब्द 'देणारा' असा आहे, 'करणारी' नाही, त्यामुळे व्याकरण सासऱ्यांच्या बाजूला. तसंही ते आभार नाहीत, आशीर्वाद आहे. आपल्या घरांत आभार कुणी मानत नाही, मानले तर 'आभार कसले, परकी आहेस का' ऐकावं लागतं.

मूळ प्रश्न विचारणारी

खरंय. नणंदेनेही धन्यवाद वगैरे काही म्हटलं नाही. आज डबा परत पाठवला, घासून, आत मूठभर साखर. रिकामा पाठवायचा नसतो ना.

सोबत भाचीचा फोन. आम्ही तिला 'उरलेलं' शिकवलं होतं, ते तिने पाठ केलेलं. म्हणाली, "आजी, उरलेलं पुरण संपलं."

सासूबाई लगेच, "संपलं म्हणू नये बाळा. वाढलं म्हणावं."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "म्हणजे अजून आहे? कधी येऊ?"