एमपीओवरून छपाईसाठी टिफ केली, पण उजवा डोळा गेला कुठे?

सपाटकार्ड
फुजीच्या रिअल थ्रीडी डब्ल्यू३ या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर काढलेले साठेक फोटो आहेत, सगळ्या एमपीओ फाइली. लाकडी स्टिरिओस्कोपमध्ये (प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवून खोली भासवणाऱ्या चष्म्यात) बघायची ७ बाय ३.५ इंची कार्डं करायची आहेत. छापणाऱ्याने टिफ मागितली. कन्व्हर्टरमध्ये फाइल टाकली तर एकच टिफ आली. म्हटलं, दोन्ही भिंगांचं मिळून हेच असेल, म्हणून तीच दोनदा शेजारी-शेजारी लावली. दहा कार्डं छापून आली, स्टिरिओस्कोपला लावली, तर भिंतीवरच्या कॅलेंडरइतकी सपाट. कॅमेऱ्याचं उजवं भिंग मेलंय का?

जोडभिंग
भिंग ठणठणीत आहे. एमपीओ म्हणजे एकाच फाइलीत एकामागे एक ठेवलेली दोन पूर्ण जेपेग. साधा कन्व्हर्टर पहिलं चित्र वाचतो आणि तिथेच थांबतो. नाव बदलून जेपीजी केलंत तरी तेच होणार, नुसता डावा डोळा दिसणार. पहिल्या वेळी मीही हेच करून बसलो होतो, त्यामुळे हसत नाही.

विंडोजवर स्टिरिओफोटो मेकर घ्या, फुकट आहे. त्यात एमपीओ उघडली की दोन्ही चित्रं समोर येतात. (कमांड लाइनची सवय असेल तर एक्झिफटूलने ‘एमपीइमेज२’ हा टॅग बाहेर काढा, तोच तुमचा उजवा डोळा.) आधी ऑटो अलाइनमेंट चालवा. दोन चित्रांत वर-खाली थोडा जरी फरक राहिला, तरी डोळे ओढल्यासारखे होतात. मग कापायचं ते दोन्हीकडे एकाच मापाने. उजेड-रंगाची दुरुस्तीही दोघांना सारखीच. डाव्याला वेगळं ‘ऑटो’ आणि उजव्याला वेगळं केलंत तर कार्ड डोळ्यांपुढे लखलखत राहील.

माप सोपं आहे. ३०० डीपीआयला कार्ड होतं २१०० बाय १०५० पिक्सेल, आणि प्रत्येक चित्र ३ इंच म्हणजे ९०० पिक्सेल रुंद. डब्ल्यू३चं चित्र ३६४८ बाय २७३६, म्हणजे पुरून उरेल. आकार एकदाच, अगदी शेवटी लहान करा. टिफ एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशनने ठेवा, त्यात काही गळत नाही. टिफ केल्याने जेपेगमधलं गेलेलं परत येत नाही, फक्त पुढचं नुकसान थांबतं. रंग आरजीबीत (स्क्रीनच्या पद्धतीचे) हवेत की सीएमवायकेत (छपाईच्या शाईच्या पद्धतीचे), ते छापणाऱ्यालाच विचारा.

सपाटकार्ड
दोन चित्रं मिळाली! पण पहिलं चाचणी कार्ड विचित्र दिसतंय. खुर्ची मागे गेलीय आणि भिंत पुढे आलीय.

जोडभिंग
डावं-उजवं उलटं बसलंय. आधी जेपीएस (दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवलेली एकच जेपेग) करून मग टिफ केलीत का? जेपीएसमध्ये बहुतेक वेळा उजवं चित्र डावीकडे असतं, तिरळे डोळे करून बघणाऱ्यांच्या सोयीसाठी. स्टिरिओस्कोपला डावं डावीकडेच लागतं. प्रोग्रॅममध्ये एक्स दाबलं की अदलाबदल होते.

छापायच्या आधी फूटपट्टी लावून बघा. डाव्या चित्रातल्या खुर्चीच्या पायापासून उजव्या चित्रातल्या त्याच पायापर्यंतचं अंतर मोजा, मग तसंच भिंतीवरच्या एखाद्या डागाचं. जवळच्या वस्तूचं अंतर कमी भरलं पाहिजे. जास्त भरलं तर उलटं आहे. मी अजूनही प्रत्येक शीटवरचं एक कार्ड असं मोजतो, स्क्रीनवर माझा विश्वास नाही.

लालनिळा
थोडं विषयांतर: यातलेच फोटो कधी लाल-निळ्या चष्म्यासाठी छापणार असाल तर मधल्या टप्प्यावर जेपेगला हात लावू नका. जेपेग बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवतं, आणि ॲनाग्लिफमध्ये, म्हणजे त्या लाल-निळ्या चित्रात, डावा-उजवा भेद रंगातच असतो. कडा फिसकटतात आणि चष्म्यातून भुतं दिसतात. थेट टिफच करा.

सपाटकार्ड
जेपीएसच केली होती. एक्स दाबलं. पट्टीवर खुर्ची ७१ मिलिमीटर, भिंत ७४. नवं कार्ड लावलं आणि खुर्चीला हात लावायला गेले, बोट स्टिरिओस्कोपच्या लाकडावर आपटलं. उरलेली एकोणसाठ आता करते.