पेंट शॉपच्या नोकरीआधीची मेडिकल: तयारी कशी करायची, आणि दमा असल्याचं सांगायचं का?

डिप्लोमा_मेक
नमस्कार मंडळी. वय २२, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत पेंट शॉपला (रंगकाम विभागात) निवड झाली आहे. पुढच्या मंगळवारी सकाळी ८ ला मेडिकल. यादीत आहे: उंची-वजन, बीपी, डोळे (कलर व्हिजनसह), ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), पीएफटी (फुंकून फुप्फुसांची चाचणी), छातीचा एक्स-रे, ईसीजी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), उपाशीपोटी साखर, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि लघवी. सूचना एकच, 'उपाशी या'.

उपाशी म्हणजे नक्की किती तास? पाणी चालतं का? रोज जिम करतो आणि क्रिएटिन पावडर घेतो, त्याने रिपोर्ट बिघडतो का? उजवा कान मळाने भरलेला वाटतो. आणि मुख्य प्रश्न: लहानपणी दमा होता, अजूनही थंडीत कधीमधी निळा (धाप लागल्यावरचा) इन्हेलर घ्यावा लागतो. भाऊ म्हणतो फॉर्मवर 'नाही' लिहून टाक. काय करू?

लॅबवाली_ताई
रक्त-लघवीचं सांगते. उपाशी म्हणजे ८ ते १२ तास. सोमवारी रात्री ९ पर्यंत नेहमीचं जेवण उरकायचं, त्यानंतर फक्त साधं पाणी. पाणी जरूर प्या, नाहीतर शीर सापडायला त्रास होतो. बिनसाखरेचा चहासुद्धा नको. बडीशेप, गुटखा, च्युइंगगम, काहीच नको. एक घोळ आमच्याकडे सतत दिसतो: सोमवारचा किंवा एकादशीचा उपवास असतो, माणूस पहाटे साबुदाण्याची खिचडी किंवा केळं खाऊन येतो आणि 'उपाशीच आहे' असं मनापासून सांगतो. उपवास आणि उपाशीपोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, साखर वर जाणारच. उलट बाजूने, दुपारपासून काहीच न खाता १६-१८ तास काढूनही येऊ नका. नमुना देताना चक्कर येते आणि आकडेही नेहमीचे राहत नाहीत.

जिमचं: जड वजनं उचलल्यावर स्नायूंतून एन्झाइम रक्तात येतात. एसजीओटी जास्त वाढते, पण एसजीपीटीही वाढते आणि ती आठवडाभर वर राहू शकते. कागदावर ते यकृताचं दुखणं वाटतं. म्हणून आजपासून जड व्यायाम बंद, चालणं चालेल. क्रिएटिनचं शरीरात क्रिएटिनिनच होतं, त्यामुळे मूत्रपिंडं ठणठणीत असूनही आकडा थोडा वर दिसू शकतो. पावडर आजच थांबवा आणि घेत होतात हे फॉर्मवर लिहा. तरीही आकडा वर आलाच तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडांचीच दुसरी रक्तचाचणी करायला सांगू शकतात, त्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही.

लघवी मधल्या धारेची. पहिली थोडी सोडून द्यायची, मग डबीत. व्यायामानंतर लगेच दिली तर प्रोटीन दिसतं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या जास्त घेतल्या असतील तर पट्टीवर साखर आणि रक्त, दोन्ही लपतात. वाचणाऱ्या मुलींसाठी: पाळी चालू असेल तर आधी सांगा, लघवीचा नमुना नंतर देता येतो.

काही कंपन्या लघवीची ड्रग टेस्टही करतात. तशी असेल तर दोन-तीन दिवस खसखस टाळा. अनारसे, खसखशीची खीर, खसखस घातलेलं वाटण, सगळ्यातच ती असते आणि चाचणी अफूजन्य पदार्थाची दिसू शकते. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचंही तेच, त्याची चिठ्ठी सोबत ठेवा.

सेफ्टी_भोसरी
कानात आदल्या रात्री कोमट तेल घालून बडने साफ करा, होऊन जाईल.

ऑडिओ_पीएफटी
सेफ्टीदादा, हे कृपया कुणी करू नका. बड मळ बाहेर काढत नाही, आत पडद्याकडे ढकलतो. थोडी फट होती तीही बुजते आणि ऑडिओमेट्रीत त्या कानाचे सगळेच आकडे बिघडतात. पडद्याला आधीच भोक असेल तर तेल आत जाऊन कान वाहायला लागतो. आज-उद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. ते मळ मऊ करायला थेंब देतील, तीन-चार दिवसांनी काढतील. मंगळवारपर्यंत बसतं. सोमवारी संध्याकाळी काढून मंगळवारी चाचणी, असं मात्र करू नका, कान दुखरा असेल तर नीट ऐकू येत नाही.

चाचणीआधी १४ तास मोठा आवाज नको. इअरफोन, डीजे, ढोल-ताशाची प्रॅक्टिस, लांबचा बुलेट प्रवास, सगळं बंद. मोठ्या आवाजाने ऐकणं तात्पुरतं मंद होतं आणि ते नेमकं ४००० हर्ट्झच्या आसपास दिसतं. कारखान्याच्या आवाजाने होणारं कायमचं नुकसानही तिथेच दिसतं. दोन्हींची गल्लत झाली की तुमचा पहिला रेकॉर्डच बिघडलेला राहतो. सर्दी झाली असेल तर तारीख बदलून घ्या. चाचणीच्या आवाजबंद बूथमध्ये लाल हेडफोन उजव्या कानाला, निळा डाव्याला. आवाज अगदी पुसट आला तरी बटण दाबायचं, 'नक्की आला का' असा विचार करत थांबायचं नाही. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला २५ डेसिबलपर्यंतचा आकडा साधारण ठीक धरतात.

या चाचणीकडे लोक कटकट म्हणून बघतात याचं वाईट वाटतं. दहा वर्षांनी ऐकू कमी आलं आणि भरपाईचा प्रश्न आला, तर 'रुजू झालो तेव्हा कान चांगले होते' हे सिद्ध करणारा कागद हाच. त्याची प्रत मागून घ्या.

पीएफटीत बहुतेकांचा निकाल फुप्फुसामुळे नाही, फुंकण्याच्या पद्धतीमुळे बिघडतो. छाती भरेपर्यंत श्वास घ्या, ओठ माउथपीसभोवती घट्ट, जीभ खाली. मग पहिल्या क्षणालाच पूर्ण जोर, आणि हवा संपली असं वाटलं तरी सहा सेकंद सोडत राहायचं. मेणबत्ती विझवल्यासारखी हळू सुरुवात केली तर एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात सोडलेली हवा) खोटा कमी येतो. मधेच थांबलात तर एफव्हीसी (एका फुंकेत सोडलेली एकूण हवा) कमी येतो. किमान तीन फुंका चांगल्या लागतात आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या दोन एकमेकींपासून १५० मिलीच्या आत हव्यात. तुमची अपेक्षित क्षमता उंचीवरून काढतात, म्हणून उंची बूट काढूनच मोजून घ्या. पट्टा सैल ठेवा, तासभर आधी सिगारेट नको. नुकतंच डोळ्याचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी सांगायचं, या चाचणीत आतला दाब बराच वाढतो.

कारखाना_डॉक्टर
दम्याबद्दल. लपवू नका. आणि हे नियमापेक्षा तुमच्या फुप्फुसांसाठी सांगतोय.

गाड्यांच्या पार्टवर मारतात त्या टू-के (दोन घटक मिसळून वापरायच्या) पेंटच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या घटकात, बहुधा आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. श्वासातून आणि त्वचेतून गेलं तर शरीर त्याला संवेदनशील होऊ शकतं. एकदा तसं झालं की अगदी थोड्या वाफेनेही जोराचा दमा येतो, आणि पुढे ते काम कायमचं सोडावं लागतं. त्रास बऱ्याचदा कामावर होत नाही, संध्याकाळी किंवा रात्री खोकला-धाप लागते. साप्ताहिक सुट्टीत बरं वाटतं आणि कामावर गेल्यावर परत सुरू होतं. ज्यांना आधीच दमा आहे त्यांना अशा स्प्रे बूथपासून लांब ठेवणंच योग्य. साधा काडतुसाचा (हवा गाळणारी डबी लावलेला) मास्क पुरेसा धरू नका, कारण काडतूस संपलं हे वासावरून कळत नाही. बूथमध्ये बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो.

म्हणून फॉर्मवर स्पष्ट लिहा: 'लहानपणापासून दमा, सध्या वर्षातून किती वेळा इन्हेलर, शेवटचा कधी, ॲडमिट झालो की नाही.' मेडिकलआधी तुमच्या छातीच्या डॉक्टरांकडून सध्याच्या स्थितीची चिठ्ठी घ्या. पीएफटीआधी निळा इन्हेलर चार तास न घेता आलं तर बरं, पण धाप लागली तर घ्यायचाच आणि किती वाजता घेतला ते सांगायचं. रोजचा प्रतिबंधक इन्हेलर स्वतःहून बंद करू नका.

निकाल फक्त 'फिट' किंवा 'अनफिट' असा नसतो. 'स्प्रे पेंटिंग सोडून फिट' असंही लिहितात, आणि तुमच्या डिप्लोम्यावर असेंब्ली, क्वालिटी, मेंटेनन्सला जागा निघू शकते. ऑफर लेटरवर विभाग छापलेला असला तरी एचआरला आधीच ईमेल करून विचारा, तोंडी नको.

डिप्लोमा_मेक
डॉक्टर, मनापासून आभार. क्वालिटीबद्दल विचारतो. डॉक्टरांसमोर बीपी नेहमी १४५ च्या आसपास येतो, घरी १२५. गोळी घेऊन जाऊ का?

कारखाना_डॉक्टर
दुसऱ्याची गोळी अजिबात नको, उपाशीपोटी रक्त देऊन उठताना चक्कर येईल. स्वतःची चालू असती तर पाण्याबरोबर घ्यायला सांगितलं असतं. मापण्याआधी लघवी करून या, भरल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला हवा. दंड जाड असेल तर मोठा कफ मागा, लहान कफने खोटा जास्त येतो. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही वाढतो. पहिला आकडा जास्त आला तर काही मिनिटांनी परत मोजायची विनंती करा. आतापासून घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा आणि ती वही सोबत न्या.

लॅबवाली_ताई
एक राहिलं. एक्स-रेला जाताना गळ्यातली चेन, ताईत काढा, लांब केस असतील तर वर बांधा. वेणीची सावली फुप्फुसावर डागासारखी दिसते. पूर्वी टीबी झाला असेल तर जुनी फिल्म आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद न्या, म्हणजे जुना व्रण नवा आजार ठरत नाही. आणि फॉर्मसोबत एचआयव्ही चाचणीचा कागद आला तर सही करण्याआधी थांबा. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार नोकरीसाठी ही चाचणी सक्तीची करता येत नाही.