गुडमारने साखर उतरली, हे ठरवायचं कसं?

रानवाटा: बाबांना टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. कुणी सांगितलं म्हणून त्यांनी गुडमार या औषधी वेलीच्या पानांची पूड सुरू केली. उपाशीपोटी साखर १७० होती, ती महिन्याभरात १३५ वर आली. आता म्हणतात, गोळी बंद करतो. मला पुडीला नावं ठेवायची नाहीत, पण गुण तिचाच हे कशावरून म्हणायचं?

निळाई: आमच्या सासूबाईंनाही फरक पडला होता. पान चावलं की साखरेचा गोडवाच कळत नाही. एवढा प्रभाव आहे म्हणजे काहीतरी असणारच.

अश्वत्थ: मी औषधांच्या चाचण्यांचं काम करते, आणि गुडमार माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

निळाईताई, गोडवा जातो हे अगदी खरं. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवर गोड चव ओळखू देत नाहीत. थोड्या वेळाने चव परत येते. पण त्यावरून रक्तातल्या साखरेचं काही सांगता येत नाही. उलट चाचणीत तीच मोठी अडचण ठरते. पूड जिभेवर टेकली की आपल्याला खरं औषध मिळालंय की नाही, हे रुग्णाला तिथेच कळतं. म्हणून अर्क कॅप्सूलमधून द्यायचा आणि दुसऱ्या गटाला हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल. कोण कुठल्या गटात, हे सोडत काढून ठरवायचं. रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही ते माहीत नसतं.

दुसरा गट हवाच. साखर वाढलेली दिसली की माणूस घाबरून नवं औषध शोधतो, जेवण सांभाळतो, गोळी चुकवत नाही. शिवाय आकडा मुळातच वर-खाली होत असतो, त्यामुळे खूप वर गेला की पुढच्या वेळी बहुधा खालीच येतो. हे सगळं दोन्ही गटांत घडतं. त्यावर जो फरक उरेल तो वनस्पतीचा. तोही एचबीएवनसी या रक्ततपासणीवर बघायचा, कारण त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. महिन्याभरात निकाल लागत नाही.

मद्रासमध्ये झालेला एक अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. टाइप २च्या २२ रुग्णांना नेहमीच्या गोळ्यांसोबत रोज गुडमारचा ४०० मिलिग्रॅम अर्क १८ ते २० महिने दिला. साखर उतरली, ५ जणांच्या गोळ्या थांबवता आल्या. मला हे काम मोलाचं वाटतं, पण त्यात सोडत काढून गट पाडले नव्हते.

निळाई: म्हणजे झाडपाल्यावर भरवसाच नको?

अश्वत्थ: तसं अजिबात नाही! मेटफॉर्मिनचं मूळही झाडपाल्यातच आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतलं गॅलेजीन हे रसायन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. त्याच जातीच्या रसायनांतून मेटफॉर्मिन पुढे आलं. फ्रेंच डॉक्टर जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष छापले.

रानवाटा, बाबांना गोळी स्वतःहून बंद करू देऊ नका. पुडीचं डॉक्टरांना सांगा आणि एचबीएवनसी करून घ्या. घाम, थरथर, चक्कर असं काही जाणवलं तर लगेच साखर मोजा. ७०च्या खाली असेल तर आधी ग्लुकोज किंवा साखरपाणी द्या. जिभेवर पूड असेल तर ते गोड लागणार नाही, तरी द्याच.

रानवाटा: बाबांना हे वाचून दाखवलं. तपासणीला तयार झालेत, गोळीही चालू ठेवतायत. पुडीचा डबा डॉक्टरांकडे सोबत नेतो.