सावलीला मारलं की आपलाच जीव जातो! तुम्हाला असा धक्का पहिल्यांदा कुठल्या व्हिडिओ गेमने दिला?

काल लेक एका नव्या खेळात स्वतःच्याच प्रतिरूपाशी लढत होती. म्हणाली, "बाबा, काय भन्नाट सुचलंय यांना!" मला एकदम १९८९चा प्रिन्स ऑफ पर्शिया आठवला. आरशातून उडी मारली की आपली सावली सुटून पळते. पुढे आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते, नंतर दार लावून आपल्याला खाली पाडते. शेवटी तलवार घेऊन समोर उभी. तिला वार केला की आपलाच जीव कमी! तलवार म्यान करून सरळ तिच्यात शिरायचं, तरच सुटका. मारामारीच्या खेळात 'लढू नकोस' हे उत्तर असू शकतं, हे मला तिथे कळलं. आणि कारण काय, तर ॲपल टू या जुन्या संगणकाच्या मेमरीत नव्या शत्रूची चित्रं मावेनात, म्हणून खेळ बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने राजपुत्राचीच चित्रं वापरून सावली उभी केली. गोष्ट आणि खेळ असे एकजीव झालेले मी तोवर पाहिले नव्हते. असं काही पहिल्यांदा दाखवल्याचा तुमचा मान कुठल्या खेळाला?

---

आईगं, तलवार म्यान!!! आमच्याकडे ताई खेळायची आणि मी शेजारी बसून वेळ बघायचे. खेळात दिलेली ६० मिनिटं संपत आली की ओरडायचं काम माझं. जमिनीतून ते सुळे वर आले की मी डोळे गच्च मिटायचे. ताईला आत्ताच फोन करते.

---

त्याचं धावणं किती खरं वाटायचं! मेकनरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं.

---

गोष्टीचा मान मी प्लॅनेटफॉलला देईन, १९८३. नुसती अक्षरं, चित्र एकही नाही. फ्लॉइड नावाचा लहान मुलासारखा यंत्रमानव सगळीकडे आपल्या मागे मागे, सतत बडबड. मग आपल्याला हवं असलेलं कार्ड आणायला तो राक्षसांनी भरलेल्या प्रयोगशाळेत जातो, आणि ते बाहेर आणून मरतो. मी उठून बाहेर जाऊन बसलो होतो. माणूस पडद्यावरच्या अक्षरांसाठी रडू शकतो, हे तो खेळ लिहिणाऱ्या स्टीव्ह मेरेट्झकीने दाखवलं.

---

फ्लॉइड :( पण दादा, शेवटी तो दुरुस्त होऊन परत येतो हेही लिहा की, नाहीतर लोक उगाच हळहळतील.

---

स्पेस इन्व्हेडर्स, १९७८. कुणी नावच घेतलं नाही म्हणून मी घेतो. जसजसे शत्रू मरतात तसतसे उरलेले भरभर खाली येतात, सोबत ते चार सुरांचं धडधडतं संगीतही वेग घेतं. तळहाताला घाम. खेळ बनवणाऱ्या निशिकादोने हा वेग मुद्दाम घातलेला नव्हता. कमी आकृत्या काढायच्या म्हणून यंत्रच जलद चालायचं, आणि त्याने ते तसंच राहू दिलं. खेळ हळूहळू अवघड करत न्यायची रीत इथूनच रुजली, माझं ठाम मत.

---

+१. मेमरी कमी, डोकं जास्त असा काळ होता तो.

---

अटारीचा ॲडव्हेंचर, १९८०. कंपनी प्रोग्रॅमरचं नाव देत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेटने गुपचूप एक खोली बनवून तिथे स्वतःचं नाव लिहिलं. तिथे जायला एक ठिपका उचलावा लागतो, इतका बारीक आणि मागच्या पार्श्वभूमीच्याच रंगाचा की दिसतच नाही. लपवलेल्या गमती शोधायचं वेड तेव्हापासून.

---

नाही हो. अटारीच्याच स्टारशिप १ या खेळात १९७७लाच नाव लपवलेलं होतं, फक्त ते सापडलं २०१७ साली. बिचारा प्रोग्रॅमर किती वर्षं थांबला असेल!

---

४० वर्षं!! आणि आम्हाला नोकरीत एका मेलमध्ये नाव गाळलं तरी आठवडाभर झोप नाही.

---

सगळं खरं, पण खेळ साठवून ठेवायची सोय? झेल्डा. जपानात १९८६ला डिस्कवर आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत बॅटरीवाल्या कार्ट्रिजमध्ये. नाहीतर लांबलचक पासवर्ड वहीत उतरवायचे. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. जेवायला हाक आली की निमूट उठता यायला लागलं ते झेल्डामुळे. घरातली शांतता हीसुद्धा प्रगतीच. कुकरची शिट्टी झाली, बाकीचं नंतर.

---

'रोग' (Rogue) हा खेळसुद्धा घ्या, १९८०. दरवेळी नवा भुयारी नकाशा, आणि मेलात की पहिल्यापासून.

---

विषय सोडून विचारते, प्रिन्स आताच्या लॅपटॉपवर चालेल का? वरचं वाचून लेकाला दाखवायचाय.

---

ताई, डॉसबॉक्स हा जुने खेळ चालवणारा प्रोग्रॅम टाका, त्यात डॉसवाली आवृत्ती चालते. खेळ फार पळत सुटला तर कंट्रोल एफ११ दाबून वेग कमी करा.